अकरा आरे बाभळीचे, एक निंबाचा

देऊळघाट,
१६ एप्रिल १९७४

चि. सिंधूस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

इकडे तुझे बाबा, आई, दोन्ही बैल आणि मी सुखरूप आहोत. (बैलांना शेवटून दुसरं घातलं म्हणून दादा रागावतील, पण पत्र मी लिहिते आहे.) तुझा खोकला गेला का? आईचे गुडघे अजून धरलेलेच आहेत.

तुझं सहा पानांचं पत्र पोचलं. चौथीनंतर शाळा सुटलेल्या बाईला हे समजेल असं धरून कुणी सहा पानं लिहितं, याचंच मला रडू आलं. अक्षरं पुसट झाली, म्हणून काही ओळी अंदाजाने वाचल्या. मला कळलं ते असं, चुकलं तर सांग. पेशीत आरएनए नावाचे बारके हमाल असतात. ते एकेक अमिनो आम्ल उचलून आणतात आणि त्यांची माळ होऊन प्रथिन तयार होतं. बाजारातल्या हमालाला बिल्ला असतो, तशी यांच्या अंगावर एक बारीक खूण लागते. नसली तर ते चुकतमाकत काम करतात. ती खूण लावणारं तुझं एन्झाइम. तेही अमिनो आम्लांचीच लांब माळ, आणि तुझ्या जंतूत त्या माळेतलं एकच आम्ल बदललेलं आहे. थंडाव्यात ते बिल्ले नीट लावतं, ऊब वाढली की ढिलं पडतं. बदललेलं कुठलं, हे शोधण्यात तुझी तीन वर्षं गेली आणि अजून एक हवं. ते बाबांकडून मागून दे, असं तू लिहिलंस.

मागितलं गं. दादा म्हणाले, "एवढ्या लांब माळेत एक दाणा बदलला त काय आभाळ कोसळते? वैशाखात उजवून टाकू पोरीले." आणि रविवारी बुलढाण्याला भाऊरावांकडे त्यांच्या मुलासाठी शब्द द्यायला निघाले. आईच्या गुडघ्यांमुळे सोबत मी. एस.टी.ने जाऊ म्हटलं, तर मुलीचा बाप पिशवी घेऊन एस.टी.तून उतरला की मागायला आल्यासारखा दिसतो म्हणे. म्हणून बसायची छोटी बैलगाडी, आपली दमणी, जुंपली. तिला नवा हिरवा रंग, दादांना नवा फेटा, बैलांना घुंगरं, आणि मला (तुझं पत्र कमरेला खोचून) मागची जागा.

सकाळच्या गारव्यात दमणी अशी पळाली की मला वाटलं, तुझं वर्ष आता गेलं. पण वाटेत दादांना ओळखीचे तीन जण भेटले, तीन ठिकाणी चहा झाला, आणि ऊन चढलं. मग डावं चाक कुरकुरायला लागलं. दादा म्हणाले, "घुंगरं वाजून राह्यले." थोड्या वेळाने चाकावरची लोखंडी धाव निसटली आणि आमच्या पुढे निघून गेली. ती किसनरावांच्या शेतात जाऊन आडवी झाली. दमणी कलली, मी दादांवर, आणि फेटा धुळीत.

निवृत्ती सुताराला बोलावणं गेलं. तो सायकलवर आला, मांडी घालून बसला आणि चाकाचा एकेक आरा हातोडीने वाजवत गेला. नवव्याशी थांबला. "अकरा बाभळीचे हायेत मालक, हा एक निंबाचा. निंब उन्हात आखडला, त्यानं सारं चाक ढिलं केलं."

"एका आऱ्यानं?"

"एकानंच."

 मी कमरेचं पत्र काढून दादांच्या मांडीवर ठेवलं, सिंधू. त्यांनी बाभळीच्या विरळ सावलीत त्याची सहाही पानं वाचली. तोवर निवृत्तीने धाव चढवून चाकाला विहिरीचं पाणी पाजलं, ओली पोती गुंडाळली, आणि लाकूड फुगून चाक पुन्हा घट्ट झालं. दादा बघत होते. मग म्हणाले, "निवृत्तीनं पाच मिनिटांत शोधला. तिले चार वर्षं काऊन लागते?"

"निवृत्तीले चाक दिसते, दादा. तिले तिचं चाक दिसतच नाही. न पाहता वाजवत बसली हाय ते."

बराच वेळ ते बैलाची पाठ खाजवत राहिले. मग दमणी गावाकडे वळवली. भाऊरावांना निरोप गेला आहे: पोरगी अजून एक वर्ष कामात आहे, थांबता आलं तर थांबा. तुझ्या वर्षासाठी मी देवाचे, उन्हाचे आणि निवृत्तीचे आभार मानते. सर्वांत जास्त तुझे, कारण मला समजलं नसतं तर ते पत्र दादांच्या मांडीवर ठेवायचं सुचलंच नसतं.

तुझी
आत्या

ता. क. – तो बदललेला दाणा सापडला की पहिलं पत्र मला. बाबांना दुसरं.

ता. क. दुसरा – निवृत्तीसाठी मुंबईहून रंध्याचं चांगलं पातं पाठव, आणि कुणी विचारलं तर सहज पाठवलं म्हण. मागे तो आरा बदलायचा होता, तेव्हा दादांनी त्यासाठी बाभळीचा तुकडा राखून ठेवला होता. मी त्याचा जात्याला खुंटा करून घेतला, आणि परसातला निंब निवृत्तीला दिला. रविवारी निंब लावला म्हणून दादा त्याला नाही नाही ते बोलले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दादा अजून दोन्ही वेळेला त्याच जात्याच्या पिठाची भाकर खातात, आणि खाता खाता निवृत्तीला शिव्या देतात. मी गरम भाकर वाढत राहते.