फेट्याऐवजी पेन

कराड,
रविवार, दुपार

राजमान्य नानासो यांस,
आकारामचा मानाचा नमस्कार. इकडे आम्ही सर्व ठीक आहोत. वहिनींचा गुडघा, आपलं ब्लडप्रेशर आणि शेडवरचा बेदाणा, तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील अशी आशा आहे. आपण फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. ते निदान पोस्टमन आपल्या हातात देईल.

राजेश्वरीच्या सुपारीला आपण भर पंगतीतून भज्याला हात न लावता उठून गेलात. त्याचं कारण मला ठाऊक नाही असं मी पाहुण्यांना सांगितलं, पण आपल्याला तसं लिहिण्यात अर्थ नाही. (पाकीट चिकटवायला आपल्या बहिणीकडे, मंगलकडे जाणार आहे, त्यामुळे खोटं लिहिण्याची सोयही नाही.) मी बैठकीत जाहीर केलं की आमच्या मुलीच्या लग्नात मानपानाचे फेटे आणि टॉवेल-टोप्या बंद. प्रत्येक मानकऱ्याला मी स्वतः लेथवर घडवलेलं लाकडी पेन मिळेल. टोपी कोणी घालत नाही आणि टॉवेल या लग्नातून त्या लग्नात फिरत राहतो, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. खंडाळ्याच्या व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. आपण तेवढे म्हणालात, "आवं दाजी, पेन काय डोस्क्याला बांधायचं व्हय?" आणि चपला शोधायला लागलात. मुलीच्या मामाला न विचारता मामाचाच फेटा रद्द करणं योग्य होतं का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. एक माझं, आणि दुसरं बाकी सगळ्यांचं. राजेश्वरीने तर सांगून टाकलंय की पाठीशी मामा उभा नसेल तर ती बोहल्यावर चढणार नाही. मुलगी आईवर गेली आहे, म्हणजे एकदा बोलली की बोलली.

आता पेनांविषयी. माझी सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये झाली हे आपण तासगावभर सांगता, त्याबद्दल आभारी आहे. पण मी तिथे स्टोअरला होतो. पटाशी द्यायची आणि संध्याकाळी पटाशी परत घ्यायची; मधल्या वेळात लोक तिचं काय करतात हे बघायचा प्रसंग कधी आला नाही. त्यामुळे हत्यारांची नावं मला सगळी येतात. लेथ घरी आला तेव्हा रीतीप्रमाणे हळदकुंकू वाहिलं आणि नारळ घेतला. मंगल म्हणाली, पायरीवर फोडा. पण मान यंत्राचा, तेव्हा मी तो यंत्रावरच फोडला. पाणी मोटरीत गेलं आणि आमच्यासकट आख्ख्या आळीचे दिवे गेले. शेजारच्या पोराने अंधारात खोबरं खाल्लं आणि देवाला पोचलं म्हणाला. मोटर पुढे बरेच दिवस गच्चीवर सांडग्यांशेजारी वाळत होती.

पेनाचं किट म्हणजे पितळी नळ्या, टोक, टोपण, क्लिप आणि रिफिल आतबाहेर करणारा एक मळसूत्री तुकडा. लाकूड आपलं आपण घालायचं. कांडीला मधोमध भोक पाडा, गम लावून नळी आत बसवा, कांडी लेथवर फिरवत पटाशीने बारीक करा आणि सगळं दाबून जोडा. विकणाऱ्याने मला एवढंच सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त भोक मधोमध शिरतं आणि बगलेतून बाहेर पडतं. (आमच्या आळीतली गटार अशीच काढलेली आहे, तेव्हा ठेकेदाराला मी उगीच बोललो.) गमाचं असं, की नळी अर्धी आत जाईपर्यंत तो गप्प असतो, मग धरतो तो कायमचा. एकदा असा गमाने भरलेला हात घेऊन उभा होतो आणि दारात व्याही. मी हात जोडले, ते जोडलेलेच राहिले. चहा होईपर्यंत मी तसाच बसलो होतो. एवढी नम्रता हल्ली मुलीच्या बापातही दिसत नाही असं व्याही जाताना मंगलला म्हणाले. नंतर तिने कोमट पाण्यात हात सोडवले.

बाभळीच्या कांडीला पटाशी जरा आडवी लागली की ती फुटते आणि उडते. एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन पापडांच्या वाळवणात पडला. तेव्हापासून मी मोटरसायकलचं हेल्मेट घालून लेथवर बसतो. मंगल म्हणते, डोक्याला बांधायची गरज या घरात पहिल्यांदा तुम्हालाच लागली.

तरीही एक पेन पूर्ण झालं. ते मी नमुना म्हणून व्याह्यांच्या खिशाला लावलं. जोडताना मळसूत्री तुकडा अंमळ जास्त दाबला गेला होता, त्यामुळे त्याचं टोक बाहेर आलं ते आत जाईना. पांढरा शर्ट होता. खंडाळ्यापर्यंत जाताना छातीवर चांगला तळहाताएवढा निळा डाग झाला. व्याही सज्जन आहेत, तक्रार केली नाही. आमच्याकडचे मानकरी गडद शर्ट घालून येतील, एवढाच निरोप त्यांनी पाठवला.

एक गोष्ट साधी लिहितो, कारण तोंडाने मला ती जमणार नाही. आपण पंगतीतून उठलात ते मला फार लागलं. आपल्यावाचून तो मांडव मला ओकाबोका वाटेल. माझी चूक झाली असा याचा अर्थ काढू नये.

थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. उत्तर पत्राने न देता स्वतः यावं.

आपला,
आकाराम

ता. क. मोटर आता बरी आहे. आवाज करते, पण चालते.

ता. क. दुसरा. येताना पेठेतून लाल फेटे आणावेत, सगळ्या मानकऱ्यांना पुरतील एवढे. गाडीच्या डिकीत ठेवावेत. मामाने हट्टाने आणले असं चारचौघांत आपणच सांगावं, म्हणजे मला शब्द मागे घ्यावा लागणार नाही.

दादा, मी मंगल. पाकीट चिकटवायला माज्याकडं आलंय म्हणून खाली लिवती. फेटे मी कवाच आणून कणगीमागं ठेवल्यात, ह्यास्नी ठावं न्हाई. तू मोकळ्या हातानं ये, पण ये. आन एक ह्यांनी लिवलंच न्हाई. तू जुनी बाग काढलीस तवा जळणाला म्हणून द्राक्षीचं खोड दिलं हुतंस, ते मी चुलीत घातलं न्हवतं. त्याचं ह्यांनी तुज्यासाटनं पेन केलंय. लाकडाला भेगा लय, म्हणून माज्या डब्यातली हळद भेगांत भरून वरनं गम सोडला. आता देव्हाऱ्यात ठेवलंय, कुणाला हात लावू देत न्हाईत. नवरीच्या आदी ह्या घरातली पयली हळद तुज्या पेनाला लागली बग. लिवतंय चांगलं, हे एवडं त्येनंच लिवलंय. क्लिप बसवायची इसरल्यात, तेवडं त्यास्नी बोलू नगंस.