नव्या कंपनीला माझा अंगठा नाही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेनऊ.
सूनबाई, लिही. बोलते तसंच लिही, शाळेतलं शुद्ध काही मध्ये घालू नकोस. ही वही कोणी वाचायची नाही. मीही नाही, मला वाचता येतच नाही. पण अन्यायाची नोंद पाहिजे.

अन्याय असा. माझी विमान कंपनी दुसऱ्या कंपनीने गिळली. तिकीट सप्टेंबरातलं आहे. सत्तावीस फेब्रुवारी, सकाळी अकरा, खिडकी, व्हीलचेअर, सामान पंचवीस किलो. आज माझ्या फोनवर मेसेज आला, मुलाने वाचून दाखवला. सुरुवातीलाच म्हणे, प्रवाशांना काहीही फरक पडणार नाही. पुढे दीड पान नुसता फरक. पहाटे पाच चाळीस. मधली सीट. पंधरा किलो. व्हीलचेअरचं नावच नाही. आणि खाली एक हिरवं बटण, मान्य आहे म्हणायचं. वीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत दाबा.

दाबते हं! वाट बघा.

जायचंय थोरलीकडे, माझ्या सख्ख्या बहिणीकडे. घर विकून ती दोन मार्चला मुलाकडे परदेशी चालली, कायमची. ती त्र्याऐंशी, मी एकोणऐंशी. यानंतर कोण कुणाकडे जाणार? तीन दिवस एका खोलीत राहायचं आणि पोटभर बोलायचं, एवढंच ठरलंय. चाळीस वर्षांचं साठलंय. तेव्हा मी जाणार. पण माझ्या वेळेला, माझ्या खिडकीतून.

३ फेब्रुवारी, दुपारी.
सूनबाई म्हणते, आई, एक बटण तर आहे. हिला काय माहीत. मी बावीस वर्षांची असताना दिराने एका कागदावर माझा अंगठा घेतला. पोस्टाचं काहीतरी आहे वहिनी, म्हणाला. दुसऱ्या दिवशी मागची खोली त्याची, आणि माझं शिवणयंत्र जिन्याखाली. तेव्हापासून उजवा अंगठा मी कुणाला दिलेला नाही. बँकेलाही डावा देते.

आणि फोनवरचं बटण कशाने दाबतात? अंगठ्यानेच ना? मग झालं तर.

५ फेब्रुवारी, बुधवार.
कस्टमर केअरला फोन. एक्केचाळीस मिनिटं पिपाणी ऐकवली. मग एक मुलगी आली. तिच्या कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. ती म्हणाली, आजी, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, तुमच्या तक्रारीची नोंद घेतली आहे.

दिलगीर! पहिल्याच फोनला शरण. मुलगा म्हणतो, आई, ते सगळ्यांनाच तसं म्हणतात. सगळ्यांना म्हणत असतील, पण माझ्या वेळी तिचा आवाज कापत होता. उद्यापासून रोज अकराला फोन करायचा. पंधरा दिवसांत कंपनी गुडघ्यावर येते की नाही बघ.

८ फेब्रुवारी, शनिवार.
पंधरा किलोवर तोड सापडली. माणसाचं वजन करत नाहीत, सामानाचं करतात. तेव्हा सामान अंगावर घालायचं.

थोरलीसाठी रजई शिवली आहे, दोघींच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून. ती एकटीच साडेसहा किलो. ती बॅगेत. बाकी माझ्यावर. आज रंगीत तालीम केली. चार स्वेटर, वर ह्यांचा जुना ओव्हरकोट, खिशांत लोकरीचे गुंडे, औषधं, थोरलीच्या चपला. आधाराला स्टूल धरून वजनकाट्यावर उभी राहिले. काटा थरथरला, मग मी थरथरले, आणि स्टुलासकट खाली बसले. हात कोटात अडकलेले, त्यामुळे उठता येईना. सूनबाई आधी हसली आणि मग धावली. हा क्रम मी विसरणार नाही.

कंपनीमुळे वृद्ध महिला घरात पडली, अशी नोंद कर.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
व्हीलचेअर देत नाहीत ना? आता दिली तरी घेणार नाही. ताठ चालत जाईन त्यांच्या डोळ्यांसमोरून, शरमेने माना खाली जातील त्यांच्या. सरावाला सुरुवात. जिन्यासमोरच्या पॅसेजमध्ये चौदा फेऱ्या.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी.
गुडघा भोपळ्याएवढा. फेऱ्या बंद. पण चौदा झाल्या, हे कंपनीला कळायला हवं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
आज फोनवर मुलगी नव्हती, यंत्र होतं. सूनबाईने मग कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार घालायला घेतली. तिथे विचारतात, तुम्ही माणूस आहात का? म्हटलं, आधी तू सांग. सूनबाईने बसच्या चित्रांवर टिचक्या मारल्या तेव्हा कुठे मी माणूस ठरले. माझं माणूसपण बसवर अवलंबून, आणि तेही विमानवाल्यांकडे.

तक्रारीत सूनबाईने नम्र विनंती लिहिली होती. खोडायला लावलं. शेवटची ताकीद असं घातलं.

१६ फेब्रुवारी, रविवार.
मुलगा दोन तास समजावत होता. म्हणाला, अगं आई, पहाटे मी सोडतो ना तुला. सीटसाठी बोलू, व्हीलचेअर पुन्हा मागू, जास्तीचं सामान कुरियरने पाठवू. तू फक्त बटण दाब. तुझ्याच नंबरवर आहे, नाहीतर मीच दाबलं असतं. मी म्हटलं, म्हणूनच देवाने तुझ्या नंबरवर ठेवलं नाही. तो म्हणाला, सीटची मारामारी मोठी की मावशी? मी म्हटलं, तत्त्व मोठं. तो म्हणाला, तत्त्वाला घेऊन बस मग घरी.

एवढं लागट बोलायला माझ्याकडूनच शिकलाय.

संध्याकाळी थोरलीचा फोन. येतेस ना गं? म्हटलं, कंपनी माझी खिडकी परत देतेय, एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे, घाबरलेत. ती म्हणाली, खिडकी कशाला हवी तुला, विमान उडालं की डोळे घट्ट मिटून बसतेस ते उतरेपर्यंत. मी म्हटलं, मिटेन नाहीतर उघडेन, खिडकी माझी. मग ती म्हणाली, तुझा पलंग खिडकीजवळ टाकलाय.

फोन आता साबणाच्या चुऱ्याच्या डब्यात ठेवते. मुलाचा भरवसा नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
निकालाचा दिवस. सकाळपासून फोनवर बसले आहे. म्हणजे खरोखरच फोनवर, खुर्चीत, उशीखाली. कुणी हात लावायचा नाही. दिवसभरात सात वेळा खालून गुरगुरला. सात वेळा! एवढी मोठी कंपनी, दुसरीला सबंध गिळणारी, एका म्हातारीच्या बुडाखाली गयावया करतेय. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी सहा.
फोन बाहेर काढला. सूनबाईने मेसेज वाचले. पहिले सहा एकसारखेच, कृपया बटण दाबा. सातवा वेगळा. मुदतीत उत्तर न आल्याने आपले बुकिंग रद्द केले आहे, पैसे परत पाठवत आहोत.

म्हणजे मैदान सोडून पळाले. जिंकले मी.

सूनबाई म्हणते, असं लिहू का? हो, असंच लिही. जिंकले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
दुसरं तिकीट नाही. मुलाने सकाळी सगळीकडे बघितलं. दोन कंपन्यांची एक झाली, तिथल्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या, आणि दोन मार्चपर्यंत सगळ्या भरल्या. बसने एकतीस तास. गुडघा बघून डॉक्टरांनी मान हलवली, तीही आडवी.

मुलगा ऑफिसला गेला. डबा विसरला. विसरला की ठेवून गेला, कळलं नाही.

थोरलीला सूनबाईने कळवलं. ती काय म्हणाली, ते सूनबाई सांगत नाही. मी विचारलेलंही नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी दोन.
विमानतळावर जाऊन आले. मुलाने रजा काढून नेलं, वादच घातला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. बरोबर अकराला पोचले, माझ्या जुन्या वेळेला. अंगावर ओव्हरकोट, हातात रजई. काउंटरपुढे उभं राहून सगळ्या प्रवाशांदेखत बोलायचं, असं ठरवलं होतं. भाषण पाठ होतं.

काउंटरवर नवी पाटी. मला अक्षर येत नाही, पण जुन्या पाटीचा आकार डोळ्यांत आहे. नवीच्या मागे भिंतीवर जुनीचे डाग तसेच दिसत होते. खाली एक मुलगी. ड्रेस जुन्या कंपनीचा, गळ्यातला रुमाल नवीचा. मी भाषण सुरू केलं. तिने मध्ये अडवलं नाही, खुर्ची मागवली, पाणी दिलं. पाणी प्यायचं नाही असं ठरलं होतं. प्यायले. गरम होत होतं कोटात.

मग ती हळूच म्हणाली, आजी, आम्हालाही तसंच बटण पाठवलं होतं. नवा पगार, नवी बदली, आठ दिवसांत दाबा. मी विचारलं, मग? म्हणाली, दाबलं. घरी दोन लहान आहेत.

पुढचं भाषण आठवेना.

विचारलं, माझं विमान गेलं का? म्हणाली, वेळेच्या दहा मिनिटं आधी गेलं. आणि माझी सीट? तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. ती रिकामीच गेली आजी, रद्द झालेली परत विक्रीला आलीच नव्हती, सिस्टिममध्ये अजून घोळ आहे.

बघा, एका सीटचं नुकसान केलं मी कंपनीचं. येताना गाडीत मुलाला हे सांगितलं. सिग्नलला थांबल्यावर त्याने माझ्या मांडीवरची रजई नीट केली.

२ मार्च, रविवार. रात्री.
दुपारी थोरलीचा विमानात बसल्यावर फोन आला. याच कंपनीचं विमान. म्हणाली, माझीही वेळ बदलली होती गं, पोराने बटण दाबलं. व्हीलचेअर मिळाली, ढकलणारा गोड होता, खिडकीही मिळाली.

म्हणाली, आता फोन बंद करायला सांगतील, चारेक मिनिटं आहेत, बोल.

मी बोलले. कंपनीबद्दल. पाच चाळीसबद्दल, मधल्या सीटबद्दल, पिपाणीबद्दल, सात मेसेजेसबद्दल, रिकाम्या सीटबद्दल. सगळं सांगून झालं तेव्हा ती हसून म्हणाली, झालं का तुझं? आता माझं ऐक. आणि तिकडे कोणीतरी तिला फोन बंद करायला सांगितलं.

विमानाला उशीर झाला असेल, परत फोन करेल, म्हणून संध्याकाळपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसले. शेवटी सूनबाईने चौकशी केली.

विमान वेळेवर सुटलं.