दहा मीटरची फळी

ती. आबा,

उद्या दहा मीटर उंच फळीवरून पाण्यात उडी मारायची आहे. मारली नाही तर सैन्याच्या प्रशिक्षणातून मला काढतील.

असोद्याच्या विहिरीत तुम्ही धाकट्या तेजसच्या पाठीला डबा बांधून त्याला पोहायला शिकवलंत. मी काठावर त्याचे कपडे सांभाळायचे. विचारलं तर म्हणालात, "तुले कायले पोहाचं, पोरी?"

पोहायला इथे शिकले, पण काल फळीच्या टोकापर्यंत गेले आणि शिडीने परत खाली आले. शिकवणारे उस्ताद म्हणाले, "नूतन, सीढी चढने के लिए है. उतरने के लिए पानी है." मुली हसल्या. मीही हसले.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंत तर मिळेल त्या गाडीने न्यायला याल, आणि मी निमूट तुमच्याबरोबर येईन. उडीपेक्षा मला त्याची भीती वाटते.

तुमची लेक,
नूतन