आधी पाणी

बाबा,

तुमच्या हाताचं चुंबन इथूनच घेते. मी ठीक आहे, तंबू आता गळत नाही. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही मला सभेत गर्जायला शिकवलंत, आणि इथे माझं काम गप्प बसण्याचं आहे. फळा नाही, धडे नाहीत. भूकंपातून वाचलेल्या मुली इथल्या विणकर फाद्मामावशींच्या हातमागाशी बसून गालिचा विणतात, मनात येईल ते बोलतात. माणूस असाच शिकतो आणि असाच बरा होतो, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. पण आज मी घाबरले आहे.

दहा वर्षांची इत्तो आई गेल्यापासून मुकी होती. काल गालिचा पुरा झाला, आणि मी उत्साहाने कात्री उचलली. तिने माझं मनगट धरलं आणि किंचाळली, "आधी पाणी! तहानलेलं मारू नका त्याला!"

मागावरून कापताना गालिचा मरतो, असं या डोंगरात मानतात. म्हणून आधी त्याच्यावर पाणी शिंपडतात. मला ठाऊक नव्हतं. इत्तोची आई ढिगाऱ्याखाली दोन दिवस पाणी मागत होती.

"फेस शहरातली शहाणी! इतकी पुस्तकं वाचलीस, आम्हाला एकदा विचारायचं होतंस," मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून इत्तो जेवलेली नाही. ती पुन्हा कायमची मुकी झाली तर दोष माझा.

गालिचा अजून मागावरच आहे. उद्या कात्री आणि पाण्याचा वाडगा तिच्या जागेपाशी ठेवीन आणि दूर बसेन. दुआ करा बाबा, ती येवो. आणि तोवर माझी जीभ आवरलेली राहो.

तुमची भेदरलेली,
घीता