बाराची घंटा

२२ मार्च १९८३, मंगळवार
दाखल: सेलिना, वय ३४, उमेळे. दहा दिवसांपूर्वी केळीच्या वाडीत पायात गंजका खिळा गेला. हळद भरली, कामाला लागली. आज जबडा मिटलेला, पाठ कमानीसारखी. धनुर्वात. शुद्ध मात्र पूर्ण. या रोगाचा दुष्टपणा हाच, की माणसाला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं.
नवरा पास्कू व्हरांड्यात. म्हणाला, "डॉक्टर, काल बोलत नाय म्हणून भांडलो मी तिच्याशी. वाटलं, रुसली."
दुपारी आकडीत श्वास अडला. गळ्याला भोक पाडून नळी घातली, श्वास देणाऱ्या मशीनला जोडली. मशीन मुंबईच्या एका हॉस्पिटलने टाकून दिलेलं. मी उचलून आणलं तेव्हा सगळे हसले होते. चालतंय.

२३ मार्च
खोली काळोखी केली. दाराच्या बिजागरीला तेल. आत कुणी बोलायचं नाही, पास्कूनेही नाही. आवाज झाला की आकडी येते, आकडीत छातीचं लाकूड होतं, मशीनचा वारा आत जात नाही. मग मशीन काढून हाताने बॅग दाबायची आणि आकडी सुटायची वाट बघायची. आज चार वेळा.
स्टीलचे सगळे ट्रे जुन्या चादरींत गुंडाळायला लावले. सिस्टर रेमेडिया म्हणाली, "सर, आता ट्रेंनाही थंडी वाजते?" हसलो. कारण सांगितलं नाही.
इथे लिहितो. फेब्रुवारीतला तो मिठागराचा माणूस. त्यालाही धनुर्वात, सुधारत होता. ट्रे माझ्याच हातातून पडला. एक आकडी आली ती सुटलीच नाही. केसपेपरवर लिहिलं, 'आकडीत श्वास थांबून मृत्यू'. खोटं नाही. पण ट्रे लिहिला नाही.

२५ मार्च, शुक्र.
माझा बाप टांगेवाला. घोडा धापा टाकायला लागला की त्याच्या छातीला कान लावून सांगायचा, आज जुंपायचा की नाही. कान मला तिथून मिळाले, डिग्री फार नंतर. आज तेच कान घेऊन सेलिनाच्या उशाशी तासभर बसलो आणि बाहेरचे आवाज कागदावर उतरवले. कोळणीची हाक, विहिरीवरचा पंप, कुणाचा तरी रेडिओ. सगळ्यांत वाईट शेजारच्या चर्चची घंटा. दुपारी बाराच्या प्रार्थनेच्या टोल्यांना तीन आकड्या, तिसरीत ओठ निळे.
पंप आणि रेडिओ लगेच बंद. कोळीण कंबरेवर हात ठेवून, "मुक्यानं म्हावरा कसा इकू रे डाक्टर? मासली हाक मारनार काय?"
फादरांकडे गेलो. सगळं ऐकून घेतलं. मग, "घंटा थांबवतो. लोकांना मी सांगेन."

२८ मार्च, सोम. होळी
शेजारच्या पाड्यावर गेलो, होळी गप्प करा म्हणून सांगायला. म्होरक्या म्हातारा, "होली पेटवू. पन बोंब नाय मारायची तर ती होली कसली? शेकोटीच ती."
तरी ऐकलं. ढोल नाही, बोंब नाही. संध्याकाळी आख्खा पाडा हात बांधून जाळाभोवती उभा. एक आंधळी म्हातारी सुनेला विचारत होती, "कोन मेला गं?"
मला हसू आलं आणि लगेच गेलं.
आकड्या: दिवसात दोन.

३१ मार्च, गुरु.
एकही आकडी नाही. सि. रेमेडियाने खुणेनेच सांगितलं, एक बोट, मग ते आडवं हलवलं. घंटा वाजवणारा अंतोन वाटेत भेटला. "डॉक्टर, आता घाबरू नका. येशूच्या मरणाचा दुखवटा, आजपासून ईस्टरपर्यंत घंटा तशीही मुकीच असते." मी बिनधास्त झालो.

१ एप्रिल, गुड फ्रायडे
मूर्ख. मी.
घंटा मुकी असते तेव्हा तिच्या जागी लाकडी खटखटा फिरवतात, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. वीस वर्षं मीही ऐकत आलोय. घंटेचं बोललो, खटखट्याचं सुचलंच नाही. अंतोनने सांगितलं तेवढं इमानाने पाळलं. तीन वाजता आमच्या भिंतीपलीकडे खटखटा सुरू झाला. लाकडावर लाकूड.
सेलिना खाटेवरून उचलली गेली. टाच आणि डोकं तेवढं टेकलेलं. छाती दगड. बॅग दाबतोय, जात नाही. पुन्हा दाबतोय. चेहरा मिठागरवाल्याचा. सि. रेमेडिया बाहेर धावली, खटखटा थांबला. आकडी सुटायला किती वेळ लागला माहीत नाही. घड्याळ बघायचं धैर्य झालं नाही.
अंतोन रडत होता. त्याला म्हटलं, "तुझं काही नाही, चूक माझी." केसपेपरवर या वेळी सगळं लिहिलं.

३ एप्रिल, रवि. ईस्टर
कालचा दिवस शांत. अंग लुळं ठेवणारं औषध थोडं कमी केलं. आज बोटं हलतात.
पास्कू सकाळी सांगत होता, रात्री चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला घंटेविना सगळे नुसते उभे राहिले. कुणाची तरी आजी बोलली, "येशू उठला का नाय, कळायचं कसं?"
दुपारी सेलिनाचं नख खाटेच्या कडेवर. टिक टिक टिक. थांबणं. टिक टिक टिक. थांबणं. पुन्हा तीन. मला वाटलं, नवी आकडी सुरू होतेय. पण आकडीला ताल नसतो. सि. रेमेडियाला आत बोलावलं. तिने ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, "सर, ही बाराची घंटा. तीन, तीन, तीन, मग नऊ. घंटा का वाजत नाही, ते विचारतेय ती."
मग पुढे, "तिला वाटत असेल, कान गेले. नाहीतर आपण मेलो."
दहा-बारा दिवस तिच्याशी कुणी अक्षर बोललेलं नाही. हुकूम माझा. शरीर वाचवायला निघालो आणि बाई त्या काळोखात एकटी.
कानाशी वाकून अगदी हळू म्हटलं, "सेलिना, आज ईस्टर आहे. तू जिवंत आहेस."
डोळ्यांतून पाणी. आकडी नाही. पण नख पुन्हा, तीन, तीन, तीन. माझ्यावर विश्वास नाही. का असावा?

४ एप्रिल, सोम.
सकाळी परीक्षा. दार वाजवलं. जबडा किंचित थरथरला, एवढंच. ट्रे उघडा करून टेबलावर जरा जोरात ठेवला, स्वतःच्या हाताने. ती हललीही नाही.
पण घंटा म्हणजे ट्रे नव्हे.
घंटा वाजवू द्यायची का, पास्कूला विचारलं. माझं मतही सांगितलं, "आणखी आठवडा थांबलेलं बरं. वाजवली आणि आकडी आली तर मी कसलीच हमी देऊ शकत नाही." तो म्हणाला, "डॉक्टर, एकदा ती बोलत नव्हती, तवा मी भांडलो. आता ती मागतेय. नाय कसं म्हणू?"
मग तिलाच विचारलं. "आकडी येऊ शकते. मी इथेच आहे. वाजवू?"
नखाचा एक टोला. थांबणं नाही, विचार नाही.
फादरांना निरोप: अठरा नकोत. पहिले तीन. अंतोनने दोर हळू ओढावा, मग थांबावं. पुढचं मी खिडकीतून हात केला तरच.
आकडीचं इंजेक्शन भरून ठेवलंय. सि. रेमेडिया मशीनपाशी. पास्कू आत, भिंतीला टेकून, या खोलीत पहिल्यांदाच बायकोचं नाव घेतोय.
बाराला पाच कमी. वही मिटतो. दोन्ही हात लागतील.