हातावरचं नाव

वालूर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय सिधूमामा,

जय भीम. तुम्ही आणि मामी बरे असाल. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते. इकडे कापसाची वेचणी चालू आहे, गल्ली दिवसभर रिकामी असते. माझी बी.ए.ची पदवी हातात आली. घरातली पहिलीच. कुणाला तरी दाखवावी वाटली.

जय भीम लिहिलं, पण मी येशूची प्रार्थनाही करते. ते लपवत नाही. बाबा गेले तेव्हा माय भिंतीकडे तोंड करून पडून असायची. येशूच्या सभेतल्या बाया रोज येऊन तिच्याजवळ बसल्या, तिला जेवू घातलं. तुम्ही पेडगावहून आलात ते भांडायला. "तिकडं जायचं असंल तर माझ्या दारात पाय ठेवू नको." मामा, तेव्हा तुम्हीही नुसते बसला असतात तर! असो.

मायच्या हाताला जखम झाली आहे. शुगरमुळे भरत नाही. सेलूच्या डॉक्टरांनी दर सोमवारी आणि गुरुवारी ड्रेसिंगला बोलावलंय.

जखम कशी झाली, तेही लिहायला हवं. सभेत बायबल वाचायचं काम माझ्याकडे असतं. पास्टरनी त्यातल्या लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचायला लावला. अंगावर गोंदून घेऊ नका, असा त्यात नियम आहे. पास्टर म्हणाले, गोंदण म्हणजे दुष्टात्म्याला उघडं ठेवलेलं दार. मायचं दुखणं म्हणे त्याच दारानं आत आलं. घरी आल्यावर मी पाणी भरायला गेले तेवढ्यात मायनं गोंदण जाळायला बिब्बा तापवून हातावर लावला. मी पोचले तेव्हा कोपराजवळचे ठिपके जळून गेले होते आणि तुमचं नाव जाळणं चालू होतं. लहानपणी आजीनं जत्रेत गोंदवलेलं. ते तिनं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

पुढच्या सभेत मी त्याच अध्यायातला दुसरा नियम मोठ्यानं वाचला. दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड घालू नका. म्हणाले, "पास्टर, तुमचा शर्ट टेरिकॉटचा आहे. हा नियम त्या काळचा म्हणाल, तर मग गोंदणाचाच तेवढा आजचा कसा?" मागून एक बाई फिसकन हसली. पास्टर चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "सुलाबाई, हे तुमची पोरगी बोलत न्हाई. तिच्या आत बसलंय ते बोलायलंय."

मायनं ते खरं धरलं. माझ्याकडे पाठ करून झोपायला घाबरू लागली. माझं ताट वेगळं झालं. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, "तू कोण सांगणारी? माझी लेक परत आली की जाईन तिच्यासंगं." एका खोलीत आम्ही दोघी, आणि मला नावानं हाक मारायला कुणी नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी प्रार्थनेला बसले. सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवले. पास्टर ओरडत होते, "नीघ! नीघ हितून!" समोर मायचा सुजलेला हात दिसत होता. मामा, मी किंचाळले आणि सतरंजीवर पडले. माझ्या आत काही नव्हतं. मी नाटक केलं.

"आलं, माझं लेकरू आलं!" म्हणत माय रडली. घरी तिनं मला घास भरवला. सोमवारी निमूट दवाखान्यात आली. तिला जी लेक परत मिळाली ती मी नाही, हे या घरात फक्त मला माहीत आहे.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण आज शेजारच्या सरजाबाई आल्या. त्यांच्या निकिताला फिट येते. "तुझ्यातलं गेलं, तसं हिच्यातलंबी जाईल. रविवारी बसवायलोत तिला. मग गोळ्या बंद." मी त्यांना तिथल्या तिथं खरं सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नगं बाई, ते पुन्हा शिरंल."

त्या एकट्या ऐकणार नाहीत. रविवारी निकिताला पुढं बसवायच्या आधी मी सभेत उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हेही त्याच अध्यायात आहे. तो नियम जुना झाला असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

सोमवारी ड्रेसिंग आहे. माय माझ्याबरोबर येणार नाही. तुम्ही या. तिच्याशी धर्मावरून बोलू नका. माझी बाजूही घेऊ नका. नुसतं तिला गाडीवर बसवून सेलूला न्या, आणि पट्टी सोडतील तेव्हा जवळ थांबा.

रविवारनंतर ती मला लेक म्हणेल की नाही, ठाऊक नाही. आज म्हणते आहे, म्हणून तसंच लिहिते.

सुलाबाईची लेक,
धम्मशीला