पानातली तांबडी भाकरी

कोल्हापूर, श्रावण शु. ६, शके १८७३
सौ.चा ताप उतरला; अशक्तता राहिली. वैद्यांनी स्पष्ट सांगितले, आता अन्न हेच औषध. रेशनच्या दुकानी गेलो. जोंधळा तांबडा, अमेरिकेहून आलेला. आपला पांढरा नाही का, असे विचारले. दुकानदार म्हणाला, "शास्त्रीबुवा, हाय ते ह्येच की! न्यायचा तर न्या, न्हायतर सरा, मागं पावणं उभं हायत." आणला.

शु. ७
देवळात वकिलांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. आपली माणसे अन्नाला मोताद असता, धान्य द्यावे की न द्यावे याचा त्या संपन्न राष्ट्राने महिनोन्महिने खल केला. आपण जगात कोणाच्या बाजूचे, याचे माप काढले. अखेर दिले तेही कर्जाऊ. देशोदेशी त्यांना नावे ठेवली जात आहेत. वकील म्हणाले, "बुवा, याला शास्त्र काय म्हणतं?" मी म्हणालो, कुरकुरत आणि परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले दान राजस, सात्त्विक नव्हे. भुकेल्याला दारात तिष्ठत ठेवणे, हे तर त्याहूनही... मंडळींनी माना डोलावल्या. मलाही बरे वाटले.

घरी येऊन सौ.ला सांगितले, हे धान्य माझ्या पानात नको. जुना तांदूळ थोडा आहे, त्यावर माझे भागेल. तू मात्र भाकरी खात जा.
"बरं," म्हणाली.

शु. ९
चतुर्दशीस सभा. निषेधाचा ठराव यावा व मी दात्याच्या धर्मावर बोलावे, असे वकिलांचे म्हणणे. टिपणे काढीत आहे.

सौ. अजून भिंत धरून चालते. भाकरी अंगी का लागत नाही, कळत नाही.

शु. १०
कळले.

जेवून उठलो, पंचपात्र राहिले म्हणून स्वयंपाकघरात परतलो. सौ. नित्याप्रमाणे माझ्याच पानावर बसली होती. पुढ्यात मी मागे ठेवलेला भात, तो केवढा! चार घास. तवा कोरडा.
"अगं, भाकरी?"
"तुमच्या पानात नव्हती."
"तुला खा म्हटलं होतं ना?"
"म्हटलं होतंत. पण लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या पानावर जेवतेय. तुम्ही नको म्हटलेलं मी वेगळं शिजवून खाऊ? घास उतरेल का मला?"

भुकेल्याला तिष्ठत ठेवणाऱ्यांविषयी मी देवळात बोलत होतो, आणि माझ्या पानापाशी... पुढे लिहवत नाही.

शु. ११
एकादशी. सौ.ने उपास धरला होता. रागावून दूध व राजगिऱ्याचा लाडू घ्यायला लावले. रागावलो तो तिच्यावर नव्हे.

शु. १२
पारणे तांबड्या भाकरीने सोडले. किंचित तुरट, चिवट. अर्धी मुद्दाम पानात ठेवली. उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणायचे, तर जीभ अडली. सौ. चुलीपासून पाहत होती.
"अडलात ना? अहो, तिकडं ज्यानं नांगर धरला, त्यानं कुठं अटी घातल्या? त्याला म्हणा."
म्हटले.

मग ती पानावर बसली. मी दारातच उभा राहिलो. "असे बघत काय उभे राहता, नवऱ्या मुलासारखे?" म्हणाली.

शु. १३
सकाळी वकील आले. "बुवा, ते धान्य खाल्लंत म्हणे! आता कुठल्या तोंडानं बोलणार?"
म्हटले, खाल्लेल्या तोंडानेच. टीका खरी आहे, ती मी उद्या करीन. परंतु ठरावात आणखी एक वाक्य असावे असे वाटते. देणाऱ्याने वाट पाहायला लावू नये, हे तर आहेच. आणि घेणाऱ्यानेही आपल्या मानासाठी दुसऱ्या कोणाला... नीट जुळत नाही. वकील म्हणाले, "ठराव म्हणजे कीर्तन नव्हे, बुवा." नाराज होऊन गेले.

माझी पूजा व्हायची होती, तोच सौ. म्हणाली, आज फार भूक लागली आहे. तिचा पाट मीच मांडला.
"तुमच्या आधी? लोक काय म्हणतील?"
"लोक सध्या अमेरिकेविषयी बोलण्यात गुंतले आहेत."

पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसली. मग बसली. भाकरी मी वाढली. तिने अर्धी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली आहे.

तिन्हीसांजेला तिचे अंग जरा कोमट लागले. वाक्य अजून जुळलेले नाही.